चिमणीचा पायबंद

गावाबाहेरच्या सड्याचे, त्या कातळाच्या माळाचे मालक अण्णा यांनी आमच्या युसूफ तांगेवाल्याला फसवलं. आधी हे लिहितो, आठवणी मागाहून. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गोदामात कौलं उतरवून घेत होतो. धनुर्वात झालाय हे ठाऊक होतं, तरी हातातलं कौल कधी सुटलं ते कळलं नाही...

आमची ओळख भांडणातूनच झाली. डोक्यावर कौलं वाहून मी धंदा उभा केलेला. घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नसे. बंदरावर भाड्यावरून मी हुज्जत घालत चालू लागलो आणि हा तांगा माझ्या बाजूने हाकत राहिला. शेवटी म्हणाला, "शेट, आलं की तुमचं दुकान! आता चढून काय करताय?" त्यानंतर दुसऱ्याच्या तांग्यात मी बसलो नाही. दिवसभर जुंपलेली त्याची घोडी चिमणी संध्याकाळी चरायला सोडायची, हा त्याचा नेम. नवं रान आधी स्वतः अनवाणी फिरून बघायचा. "आधी माझे पाय, मग तिचे."

एस.टी. आल्यापासून त्याचं गिऱ्हाईक तुटलं, पेंढा परवडेना. म्हणून यंदा पावसाच्या तोंडाला अण्णांच्या सड्यावरच्या चराईचा सौदा मी ठरवला. आंब्याच्या कलमांना तोंड लावू नये म्हणून घोडीला पायबंद घालायचा, ही अण्णांची अट. माझी अट एकच : लढाईच्या दिवसांत लष्कराने तिथे टाकलेली तुटकी काटेरी तार गवत वाढायच्या आत उचलायची. "उचलली म्हणून समजा," अण्णा म्हणाले. युसूफ तिथे मात्र अनवाणी फिरला नाही. "मालकाने शब्द दिल्यावर जमीन चाचपायची म्हणजे त्याला खोटं ठरवायचं, शेट."

श्रावणात गुडघाभर गवतात चिमणी तारेत अडकली. पुढचे पाय बांधलेले. जितकी झटली तितकी तार रुतली. युसूफने ती नुसत्या हातांनी सोडवली. तिच्या जखमांत हळद भरली, स्वतःच्या फाटलेल्या तळव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरकडे चल म्हणून मी ओरडलो, तर म्हणाला, "आधी तिचा पाय." पुढे त्याचा जबडा मिटला. इस्पितळात त्याची बायको अमिनाभाभी चमच्याने पाणी पाजायला बघत होती, थेंब आत जाईना...

मी अण्णांच्या ओटीवर गेलो. "जनावराने बघून चरावं," ते म्हणाले.

"पाय तुमच्या अटीने बांधले होते!"

"आवाज खाली. घोडी त्याची, जबाबदारी त्याची."

त्याने त्याची जबाबदारी जीव देऊन पार पाडली. तुमची?

चिमणी आता तीन पायांवर उभी असते, तांगा दारात तसाच. पायबंद भाभीने माझ्याकडे पाठवला : "हा घरात नको." गोदामात खुंटीला टांगलाय. कातड्याला आतून युसूफने आपल्या जुन्या सदऱ्याची चिंधी शिवली आहे, चिमणीला काचू नये म्हणून.

काल सड्यावर गेलो. तार तिथेच आहे. त्याच गवतात दुसऱ्या तांगेवाल्यांचे घोडे चरत होते, पायबंद घातलेले. अण्णा, खुंटीवरचा हा पायबंद घेऊन मी पुन्हा तुमच्या ओटीवर येतोय. युसूफच्या मरणाचा जाब कोण देणार, ते चारचौघांत सांगा.