झुरळं, खोके आणि डिसेंबरची तिकिटं

मुलांनो, गेल्या डिसेंबरात तुम्ही कुवेतला आमच्याकडे आला होतात तेव्हा धाकटीच्या बुटातून एक झुरळ बाहेर पडलं, ते तुम्ही विसरला नसालच. पडलं तेही अगदी सावकाश, घरमालकाच्या थाटात. धाकटी खुर्चीवर चढली, तुमची आई सोफ्यावर, आणि ज्यांनी सगळी नोकरी रिफायनरीतल्या आगींचा बंदोबस्त करण्यात घालवली ते तुमचे आजोबा थेट जेवणाच्या टेबलावर. जमिनीवर मी एकटी उरले, हातात चप्पल घेऊन.

यंदा सप्टेंबरात व्हिडिओ कॉलवर धाकटीने शांतपणे सांगितलं, "आजी, आय लव्ह यू. पण मी हॉटेलात राहणार." मागून तुमची आई म्हणाली की हॉटेल परवडणारं नाही, तेव्हा हिचा हट्ट असाच राहिला तर या सुट्टीत नाशिकच्या आजीकडे जाऊ. नाशिकच्या आजी फार चांगल्या आहेत. त्यांच्याकडे झुरळं नाहीत, हाच त्यांचा एक दोष.

म्हणजे डिसेंबरात तुम्ही माझ्या घरात असणार की नाही, हे आता झुरळांवर अवलंबून होतं. मी नवी वही काढली.

आधी शत्रू ओळखायचा. इथे झुरळं मुख्यतः दोन जातींची. एक मोठं, अंगठ्याएवढं, तांबूस. ते गटारातून येतं. बाहेर सगळी वाळू, उन्हाळ्यात भट्टी पेटलेली, त्यामुळे पाण्याच्या शोधात तेही आपल्यासारखंच घरात शिरतं. आम्ही जुलैत भारतात जातो तेव्हा न्हाणीघराच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि त्याला मोकळा रस्ता मिळतो. आता मी निघताना तिथे तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओतते, म्हणजे पाणी लवकर आटत नाही, आणि जाळीवर झाकण दाबून बसवते. दुसरं झुरळ लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे पट्टीने आखल्यासारख्या दोन काळ्या रेघा. बुटातलं ते हे. हे सहसा बाहेरून चालत येत नाही, त्याला कुणीतरी सामानातून घरात आणतं. हे मी इंग्रजीत तीन ठिकाणी वाचलं आणि ते कुणीतरी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब, असं ठरवून टाकलं.

इमारतीचा हारिस, म्हणजे आपल्याकडचा रखवालदार, इजिप्तचा आहे आणि फार सभ्य माणूस. मी त्याला वरच्या लोकांच्या स्वच्छतेबद्दल आडून आडून विचारलं. त्याने तितक्याच आदबीने सांगितलं की वरचा फ्लॅट गेल्या वर्षीच्या मेपासून रिकामा आहे.

मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कांद्यांवर संशय घेतला. मग आजोबांच्या ऑफिसच्या बॅगेवर. घरात बारा चिकट सापळे लावले, त्यांना नंबर दिले आणि दर शुक्रवारी सकाळी मोजणी सुरू केली. स्वयंपाकघरात सापडली तीन, न्हाणीघरात एक, आणि नऊ नंबरच्या सापळ्यात, आमच्या पलंगाखाली, सव्वीस. मी शेरा लिहिला, "सापळा सदोष असावा." तो बदलला. पुढच्या शुक्रवारी एकतीस. आजोबा म्हणाले की प्लान्टमध्ये प्रेशर वाढलेलं दिसलं तर आम्ही काट्याला रागवत नाही. मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

शेवटी औषध मारणाऱ्याला बोलावलं. रत्नागिरीकडचा, इथे वीस वर्षं काढलेला. मी त्याला चहा दिला आणि वही दिली. त्याने ती पानोपान वाचली, अगदी गंभीरपणे, मग उठून सरळ झोपायच्या खोलीत गेला आणि पलंगापाशी गुडघ्यांवर बसला.

"बाई, हे काय?"

खोके होते. आखातात राहिलेल्या माणसाला खरं तर सांगावं लागू नये. इथलं प्रत्येक घर कधीतरी कायमचं परत जाणार असतं, आणि त्या दिवसासाठी प्रत्येक वस्तूचा खोका जपलेला असतो. आमच्याकडे तीस वर्षांचे बावीस खोके होते, मोठ्यात मधला, मधल्यात लहान, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी. मिक्सर. इस्त्री. टीव्ही. तो टीव्ही आम्ही फरवानियाच्या एका कुटुंबाला देऊन नऊ वर्षं झाली होती. खोका मात्र होता.

त्याने टीव्हीचा खोका ओढला आणि पुठ्ठ्याच्या कडेतून, दोन कागदांमधल्या नागमोडी पोकळीत, टॉर्च मारला. आत आजी-आजोबांपासून तान्ह्यांपर्यंत सगळं घराणं होतं, शिवाय चिमुकल्या पाकिटांसारख्या अंड्यांच्या पेट्या.

"बाई, तुम्ही तर यांना कॉलनी बांधून दिलीत," तो म्हणाला. "वर पत्तेपण लिवलेत."

मला अर्धं मिनिट लाज वाटली. मग मला जे हसू फुटलं ते थांबेना. तोही हसला, आणि हसता हसता एकदम गप्प झाला. त्याच्या खोलीवर फ्रिजचा खोका आहे म्हणाला, आज जाऊन बघतो.

आजोबा मात्र दारात उभे होते, चेहरा पडलेला. "अगं, हे टाकले तर परत जाताना सामान न्यायचं कशात?"

"अहो, जायचं तेव्हा जाऊ," मी म्हटलं. "आधी नातवंडं तर येऊ देत."

वाकून त्यांनी मिक्सरचा खोका उचलला.

एकेक खोका घरातच काळ्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून आम्ही थेट खालच्या कचराकुंडीत नेला, नाहीतर वाटेत प्रजा सांडते. आमची जाब्रियाची इमारत, निम्म्या बिऱ्हाडांत नर्सेस. त्यांतल्या एकीने लिफ्टमध्ये हळहळून विचारलं, देश वापस जा रहे हैं क्या? आजोबा म्हणाले, नहीं, किरायेदार निकाल रहे हैं.

मग बिजागऱ्यांपाशी आणि सिंकखाली झुरळांच्या विषारी जेलचे मुगाच्या दाण्याएवढे ठिपके लावले. फवारा नाही, कारण फवाऱ्याने ती पांगतात आणि जेलकडे फिरकत नाहीत. अंड्यांतून नवी येतात म्हणून महिन्याने पुन्हा ठिपके. रोज संध्याकाळी सिंक कोरडं. नवं सामान दाराबाहेर सोडायचं, पुठ्ठा उंबऱ्याच्या आत नाही. नोव्हेंबरात लागोपाठ तीन शुक्रवार वहीत बारा शून्यं आली. ती मी लाल शाईने लिहिली.

मग व्हिडिओ कॉलवर धाकटीने घेतलेली घराची तपासणी. तुम्हाला ती तुमच्या बाजूने आठवत असेल, आमच्या बाजूने ऐका. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टॉर्च, मी ओट्याखाली पालथी. धाकटे, तुझे हुकूम सुटताहेत, दादा लिहून घेतोय. अजून डावीकडे. आता ड्रॉवर. आता फ्रिजच्या मागे. आजोबांनी फ्रिज ओढला, तो ओढताना त्यांच्या तोंडून जे शब्द गेले ते दादाने लिहून घेतले नसावेत अशी आशा आहे.

पाऊण तासाने तुमची कुजबुज झाली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"ओके आजी," धाकटी म्हणाली. "टू वीक्स तुझ्याकडे."

"चार," मी म्हटलं.

"थ्री."

मी लगेच हो म्हणून टाकलं, तू आणखी काही उघडायला सांगण्याआधी. तुझ्या आईने त्याच दिवशी तिकिटं काढली.

फोन ठेवल्यावर आजोबा फ्रिज मागे ढकलायला गेले. फ्रिज हलेना. मग दोघांनी ढकलला, तरी हलेना. शेवटी आम्ही त्याच्या पुढ्यातच, लख्ख पुसलेल्या फरशीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो, आणि हारिसला फोन केला.