बुधवारचा उपास

गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं तेव्हा मी अवघी सहासष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. ते संपलं तेव्हा अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. दीड वर्षाने संडासात रक्त दिसू लागलं. पोटात कळ आली की पळापळ. मला वाटलं, आला परत. मग या शहाण्या बाईने काय केलं? कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं की पुन्हा तपासण्या, पुन्हा ते मशीन.

बाहेर जायचं असलं की सकाळपासून काही खायचं नाही, ही युक्ती सुचली. सुनेने विचारलं की उपास. मराठी घरात म्हातारीच्या उपासाची कोणी चौकशी करत नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, मधे एकादशी. करोल बागेत भाचीच्या लग्नाच्या साड्या घेताना उपाशीपोटी तीन दुकानं निभावली, तर स्वतःवर केवढी खूष.

घात केला बुधवारने. सुनेने पोहे पुढे ठेवले. मी ताटली सरकवली.

"आई, आज कोणाचा?"

"बुध ग्रहाचा."

"अच्छा. आणि हा ग्रह तुम्हाला सकाळपासून सहा वेळा बाथरूमला पाठवतो? आत्ता तुमच्यामागून मी गेले होते. रक्त आहे."

मी पदराशी चाळा करत बसले. "परत आला असेल तर?"

"असेल तर बघू. नसेल तर उगाच उपाशी मरताय. चला."

डॉक्टरांसमोर मी म्हटलं, "थोड़ी कमज़ोरी है." सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. "कैंसर नहीं है, माताजी. सिकाई का असर है." इथे उत्तरेत रेडिएशनला सगळे सिकाईच म्हणतात. आतड्याचं अस्तर भाजून निघालं होतं, त्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपत होत्या. पुढच्या खेपेला त्यांनी त्या दुर्बिणीतूनच डागल्या. रक्त थांबलं. कळा अजून येतात, पण अधूनमधून.

आता मी काहीच लपवत नाही. परवा जेवताना सकाळचा वृत्तांत सविस्तर द्यायला घेतला, तर मुलगा ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेला. सून पोळी मोडत म्हणाली, "तुम्ही सांगा, मी ऐकतेय."