एका डॉलरची लाच

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या सोफ्यावर चहा सांडलेला आहे, तो डाग अजून जात नाही.

तर झालं काय, मी माझी जुनी गाडी विकली. तुम्ही म्हणाल, गाडी विकण्यात कसला आलाय किस्सा? अहो, माझ्यासारख्या माणसाने साधी सायकलसुद्धा विकायला जाऊ नये! मी पत्रकार. निवृत्त आहे, पण विंचू म्हातारा झाला म्हणून नांगी घरी ठेवून फिरतो का? सगळी हयात मिरजेकडे वार्ताहरकी करण्यात गेली. टेंडरं, टक्केवारी, रस्त्याचं डांबर खाणारे कंत्राटदार. पाकीट कुठल्या टेबलाखालून कुठे सरकतंय, हे मला नुसत्या वासावरून कळायचं. निदान तसा माझा समज होता. त्या समजाच्या तेराव्याची ही गोष्ट.

आता आम्ही नवरा-बायको टेक्सासात, शुगर लँडला, लेकीच्या घराजवळ राहतो. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फ्रीवे बंद केला आणि लेकीने गाडीच बंद केली. "बाबा, नो मोअर ड्रायव्हिंग. डन." इकडे रुळलेली मुलं वाद घालत नाहीत, थेट निकाल वाचतात.

मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : गाडी विकणे आहे, एकहाती वापरलेली, मालक प्रामाणिक. त्यावर गिरिजाचा फोन आला. फिजिओथेरपी शिकायला आलेली सांगलीची पोरगी. शिक्षण संपलं होतं, ह्यूस्टनच्या पार पलीकडच्या टोकाला एका दवाखान्यात नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आजवर रूममेटच्या गाडीतून फिरायची, ती रूममेट चालली डॅलसला. इथे गाडी नसलेला माणूस दुधाच्या कॅनपर्यंत पोचत नाही, नोकरीवर कुठून पोचणार? म्हणजे सोमवारच्या आत गाडी नाही, तर नोकरी नाही. असा सरळ हिशेब.

"काका, मी सांगलीची," एवढंच ती म्हणाली आणि मी पटकन हजार डॉलर उतरवले. आमची बायको बघतच राहिली.

"अहो, तिने मागितली तरी होती का सवलत?"

"अगं, सांगली म्हणजे आपलं अंगण! शिवाय मला लेकीसारखी आहे ती."

"पाच मिनिटांत लेक? तुमच्या खऱ्या लेकीला कॉलेजात असताना गाडीचं पेट्रोल मागायला तीन वेळा यावं लागायचं."

मी दुर्लक्ष केलं. सहा हजार पाचशेला सौदा ठरला. शुक्रवारी दोघांनी काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जायचं, अर्जावर दोघांनी सह्या करायच्या, तिने सेल्स टॅक्स भरायचा, गाडी तिच्या नावावर. एवढं सोपं. आणि गुरुवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला.

"काका, अर्जावर किंमत ठरल्यापेक्षा जरा वेगळी लिहिली तर चालेल ना? आईचा फार आग्रह आहे. आणि तुमच्यासाठी एक पाकीट आणतेय. नाही म्हणू नका हं."

ऐकलंत? वेगळी किंमत! आईचा आग्रह! वर पाकीट! माझी नांगी ताठ उभी राहिली. आता हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. जुनी गाडी विकताना कागदावर किंमत कमी दाखवायची, म्हणजे घेणाऱ्याचा टॅक्स वाचतो. आपलेच सुशिक्षित लोक मिटक्या मारत सांगतात, "अहो, सगळेच करतात." सगळेच करतात! हे वाक्य ऐकलं की माझं बीपी गोळीला जुमानत नाही. आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध लिहिलं ते सगळे हेच तर म्हणायचे!

"बघ," मी बायकोला फोन दाखवला. "आई पोरीला करचुकवेगिरी शिकवतेय. आणि मला पाकीट! मला!"

"अहो, तिला एक फोन करून विचारा तरी काय म्हणायचंय ते."

"चोराला विचारून पंचनामा करतात का?"

"आणि पोरीला सोमवारी जायचंय, ते?"

"नोकरीची सुरुवात खोट्यावर करण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी," असं मी म्हणालो. लक्षात ठेवा हे वाक्य. नोकरी तिची, गाडी माझी, आणि तत्त्व फुकटचं.

तिला उत्तर धाडलं : "उद्या समोरासमोर बोलू." बास. आमच्या धंद्यात सावज सावध करायचं नसतं.

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्याला जुनी शबनम लावली, फोनवर रेकॉर्डिंग कसं सुरू करतात ते नातवाकडून शिकून घेतलं. गिरिजा आली, हसरी, केसांची घट्ट वेणी, हातात फाइल. किल्ली तिच्या हातात दिली आणि शेजारी बसलो. वाटेत ती बोलत होती. दवाखाना कसा आहे, आई किती खूश आहे. मी खिडकीबाहेर बघत 'हं' करत होतो. न्यायाधीश आरोपीशी गप्पा मारत नाहीत.

ऑफिसात नंबर लागला. काउंटरवर चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या एक बाई होत्या, सगळ्यांना 'हनी' म्हणणाऱ्या. गिरिजाने भरलेला अर्ज पुढे केला. सहा हजार पाचशेचा बँकेचा चेक माझ्या हातात दिला. आणि मग पर्समधून ते पाकीट काढलं.

"काका, हे तुमचं."

झालं! मी एक पाऊल मागे सरलो आणि माझ्या अंगात शहर आवृत्तीचं पहिलं पान संचारलं.

"मी सही करणार नाही!" आवाज असा लागला की रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. मग खास बाईंसाठी इंग्रजीत, "मॅडम, या अर्जात किंमत खोटी आहे! आणि गप्प बसण्यासाठी मला ही लाच दिली जातेय. तुमच्यासमोर! मी रेकॉर्ड करतोय!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. दारावरचा गार्ड पट्टा सावरत आला. गिरिजाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. डोळ्यांत पाणी तरळलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "अर्ज वाचा तरी."

"वाचायचं काय त्यात! वेगळी किंमत लिहायची तुझी मागणी माझ्या फोनमध्ये आहे!"

बाईंनी चष्मा वर ढकलला. "ठरलेली किंमत किती होती, सर?"

"सहा हजार पाचशे!"

"आणि हिने लिहिलीय सहा हजार पाचशे एक."

"बघा! मी म्हणत नव्हतो..." मी म्हणालो, आणि थांबलो. "एक?"

"एक, सर. जास्त."

त्यांनी गिरिजाच्या हातातलं पाकीट घेतलं. लाल, सोनेरी गणपतीचं, कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आपल्या लग्नकार्यात आहेराला असतं तेच! आतून एक डॉलरची नोट निघाली, तिला कुंकवाचं बोट लागलेलं.

बाई नोटेकडे बघत राहिल्या. "सर, नक्की काय काम करायची लाच आहे ही?"

गार्ड तोंड फिरवून खोकायला लागला. अहो, तो खोकला नव्हता!

मग गिरिजाने सांगितलं, ओढणीने डोळे पुसत. "आई म्हणाली, पहिली गाडी आहे, व्यवहार शून्यावर संपवू नये, वर एक शकुनाचा द्यावा. मग म्हटलं, आपण एक डॉलर जास्त देतोय तर तो कागदावर नको का यायला? नाहीतर खोटं लिहिल्यासारखं होईल. म्हणून किंमत वेगळी लिहू का, असं विचारलं. आणि काका, इथे किंमत कमी लिहून फायदाही नसतो. मी वाचलंय सगळं. गाडी फारच स्वस्त दाखवली, तर ते त्यांच्या पुस्तकातल्या भावावरून टॅक्स घेतात."

ऐकताय ना? शकुनाचा डॉलरसुद्धा सरकारपासून लपवायचा नाही म्हणणारी पोरगी! आणि मी तिला गुन्हेगारांच्या पिंजऱ्यात उभी केली होती. आयुष्यभर नव्या पोरांना शिकवलं, मजकूर वाचल्याशिवाय हेडिंग देऊ नका. आणि स्वतः? हेडिंग आदल्या रात्रीच छापून तयार!

पण थांबा, माझी खरी परीक्षा पुढेच होती.

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि आता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अगदी मी गिरिजाकडे बघत होतो तसं. "सर, ही गाडी बरीच स्वस्त विकलीत तुम्ही. काही कारण?"

संशय माझ्यावर! काय सांगू? सांगली म्हणताच हजार उतरवले? सांगली कुठे आहे ते टेक्सासच्या बाईंना कसं सांगायचं?

"ती... ती मला मुलीसारखी आहे."

"मुलगी?" बाईंचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं ना, हनी! घरच्यात गाडी भेट दिली तर सेल्स टॅक्स लागतच नाही, फक्त दहा डॉलर. वेगळा फॉर्म आहे. मुलगी आहे तुमची?"

आता बघा. समोर ती पोरगी, रडवेले डोळे, नुकताच मी केलेला अपमान. एका शब्दात तिचे चारशे-पाचशे डॉलर वाचणार होते आणि माझं पाप फिटणार होतं. सत्यासाठी ऑफिस डोक्यावर घेणारा हा महापुरुष! तोंड उघडलं आणि 'ये...' एवढा आवाज बाहेर आला. 'येस'मधला 'ये', दुसरं काय!

"नो, मॅम," गिरिजा पटकन म्हणाली. "मी यांना मागच्या आठवड्यात पहिल्यांदा भेटले. टॅक्स किती झाला?"

तिने भरला, पूर्ण, पुस्तकातल्या भावावर. मी खाली मान घालून सही केली. फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं. माझा तो 'ये...' त्यात स्वच्छ ऐकू येतो, बायकोने मुद्दाम जपून ठेवलाय.

बाहेर आलो आणि उन्हात उभा राहिल्यावर नवी भानगड लक्षात आली. गाडी आता तिची. मला घरी कोण नेणार?

मी फोन काढून टॅक्सी शोधायला लागलो. तिने दार उघडलं.

"बसा ना काका."

"गिरिजा, मी फार..."

"बसा आधी. एसी वाया जातोय."

खरं सांगतो, इतक्या गाड्यांत बसलो, पण मागच्या सीटवर इतका लहान होऊन कधी बसलो नव्हतो. हो, मागेच बसलो. पुढे बसायची हिंमत झाली नाही.

घरी बायको नारळ आणि कुंकू घेऊन दारात उभी. तेवढ्यात गिरिजाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आता ही माउली मला सांगलीपासून शुगर लँडपर्यंत ऐकवणार. गिरिजाने फोन गाडीकडे फिरवला, नारळाकडे फिरवला, मग माझ्याकडे.

"आई, हे काका. काय सांगू तुला, यांनी ऑफिसात सगळ्यांसमोर एवढा आवाज चढवला! म्हणाले, कागदावर खोटी किंमत चालणार नाही म्हणजे नाही!"

"बाई गं!" आईंनी तिकडून हात जोडले. "आजकाल असं कोण भांडतं परक्याच्या लेकीसाठी? फार उपकार झाले हो, भाऊ. तिला परदेशात तुमच्यासारखा माणूस भेटला."

शब्द न् शब्द खरा होता. मी आवाज चढवला होता. खोटी किंमत चालणार नाही असं म्हणालोही होतो. फक्त कोणावर ओरडलो, तेवढं तिने कापलं होतं. माझ्या बातम्या कापणाऱ्या प्रत्येक संपादकाशी मी आजवर भांडलो. त्या दिवशी मात्र हात जोडून, गप्प उभा राहिलो.

गिरिजा सोमवारी वेळेवर हजर झाली. आता दर रविवारी येते, माझ्या दुखऱ्या खांद्याला व्यायाम देते आणि पैसे घेत नाही. मागच्या रविवारी मी तिला पाकीट दिलं, तेच नाण्याचं, आत एक डॉलर.

तिने ते दोन बोटांत धरून उंच केलं आणि हाक मारली, "काकू, लवकर या! काका मला लाच देताहेत. रेकॉर्डिंग सुरू करा!"