तीन चाकांची फेरीबोट

मंडळी, आपल्या फोटो-एडिटिंग ग्रुपचा या आठवड्याचा विषय होता स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या काळातली काल्पनिक यंत्रं. मी तेरेखोलच्या फेरीबोटीचा फोटो घेतला. आमच्या न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण बॉयलर म्हणून बसवलं आणि मधोमध तीन पितळी दातेरी चाकं एकमेकांना जोडली.

आज सहापर्यंत चित्र पाठवायचं होतं. पाच वाजता बाबा मागे येऊन उभे राहिले. ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी घरातली पहिली पदवीधर झाल्यापासून ते माझ्या कामात काही बोलत नाहीत. आज बोलले.

"गो बाय, ही चाकं फिरायची नाहीत. एक उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे. दोघांनाही लागलेलं तिसरं कुठे फिरणार?"

आई म्हणाली, "फोटोतल्या बोटीत बसून कोण पलीकडे जाणार आहे?"

मीही म्हणाले, "बाबा, ही नुसती कल्पना आहे."

"बरं. तुला जास्त कळतं," म्हणत ते वळले.

हे वाक्य मी चार वर्षं ऐकते आहे. आज मी त्यांना हाक मारून खुर्ची दिली. सगळी चाकं फिरावीत म्हणून मध्ये चौथं चाक कुठे बसवायचं ते त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून दाखवलं. मग आणखी दोन चुका काढल्या.

आधीचं चित्र जास्त देखणं होतं, हे मान्य. तरी पाठवलं चार चाकांचंच.

तुमच्या कामातल्या चुका घरातलं कोण काढतं? तुम्ही त्यांना काढू देता का?