जबड्यातलं पायाचं हाड

आमच्या घरात पायाला फार शिस्त. बाळकुमला शेतं होती तेव्हापासून बाबांचा नियम होता: भाताचा दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायचा आणि कुणाला पाय लागला तर आधी नमस्कार, मग भांडण. शेतांवर टॉवर आले, आम्ही त्यातल्याच एकात राहायला गेलो, तरी नियम गेला नाही. त्यामुळे ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, कॅन्सर झालेला जबडा काढू, तिथे पायाचं हाड बसवू आणि गालाला आतून पायाचीच कातडी लावू, तेव्हा बाबांनी कॅन्सरपेक्षा याचाच धसका घेतला.

"म्हंजे मी पायानी जेवू?"

डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत, ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्यांनी दोन दिवस घेतले.

नडगीच्या बाजूला एक बारीक हाड असतं, ते काढलं तरी माणूस चालतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मला ते खरंच वाटेना. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. हाडाचे तुकडे करून हनुवटीचा बाक दिला होता. सोबत आलेली पायाची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला शिवली होती, केसाहून बारीक दोऱ्यानं.

नर्सनं टॉर्च मारून बाबांचं तोंड दाखवलं. आत गुलाबी गालात एक सावळा तुकडा होता आणि त्यावर पायावरचे चार केस. रक्त फिरतंय का बघायला तिनं त्यात सुई टोचली, तांबडा थेंब वर आला. मी वाकून पुन्हा पाहिलं. चिखल तुडवलेल्या पायाचा तुकडा तोंडात जाऊन जिवंत राहिला होता, आणि हे माणसांनी माणसासाठी केलं होतं.

"मानेवर काहीही दाब नको," नर्सनं बजावलं. "रक्त थांबलं तर कातडी जाईल, हाडही जाईल."

दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात भेटीच्या वेळेत आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिनं गावदेवीचा दोरा आणला होता. तो तिनं भावाच्या गळ्यात बांधला, सुटू नये म्हणून चांगला घट्ट. मी परतले तेव्हा नर्स कात्रीनं दोरा कापत होती. तोंडातला तुकडा जांभळा पडला होता.

डॉक्टर धावत आले. रंग परतला नाही तर पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. मी आत्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आगरी घरातल्या मुलीला ओरडायला शिकवावं लागत नाही. आत्या कापलेला दोरा मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिली. नर्सनं सुई टोचली. काळपट थेंब आला. थोड्या वेळानं पुन्हा टोचली, पुन्हा तसाच. मग एकदाचा तांबडा आला आणि मला रडू फुटलं.

आता बाबा तांदळाची भाकरी कालवणात बुडवून खातात. बोलणं जरा जड झालंय, पण शिव्या स्पष्ट येतात. तोंडातले केस वाढले की डॉक्टर कापून देतात. तेही बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगतात.

यंदा गावदेवीच्या जत्रेला आत्या प्रसाद घेऊन आली. नवा दोरा होता, पण तो पाकिटातून काढायचं धाडस तिला होईना. बाबांनीच मागितला आणि खुर्चीतून उजवा पाय पुढे केला.

"गल्यान नको. या पायान बांद. काम यानी केलाय."

देवीचा दोरा जमिनीवर पडला तरी चिडणारी ती बाई. पायावरच्या लांब व्रणाकडे ती बघत राहिली. मग खाली बसली, दोरा सैल बांधला, आत बोट घालून खात्री करून घेतली. आणि थोरली असून तिनं धाकट्या भावाच्या त्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

बाबांनी पाय मागे घेतला नाही.