फोटो मी मागितला होता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुवेतमधले आमचे गाववाले अजून सांगतात, काकांनी, म्हणजे मी, एका दुपारीत एका पोरीच्या उपचाराचे पैसे उभे केले. मी ऐकून घेतो.

पोरीचा बाप सुलैबियातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. पोर सात वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. मायलेकी मुंबईत हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहत होत्या. औषधांच्या खर्चाचा काही भाग एका ट्रस्टने उचलला होता. खोली, तपासण्या आणि रोजची टॅक्सी यांतच बापाचा पगार संपे. सोमवारी पुढचं इंजेक्शन होतं, त्याआधी रक्कम भरायची होती.

शुक्रवारी रिग्गईला माझ्या खोलीवर दहाबारा जण जमलो. गावचा फंड माझ्याकडे असायचा. वेल्डरने हॉस्पिटलचे कागद माझ्या हातात दिले. सही-शिक्का, सगळं होतं.

"एक फोटो लागेल," मी म्हटलं. "टोपीशिवाय."

"काका, ती आईसमोर पण टोपी काढीत नाय."

"अरे, लोक मला विचारतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "गेल्या खेपेला एकाने बापाच्या ऑपरेशनला म्हणून पैसे नेले नि घरावर स्लॅब टाकला!" सगळे हसले. वेल्डरने मान खाली घालून व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर कानापर्यंत ओढलेली लाल टोपी दिसली. "बाबा, एवढी माणसं कशाला जमलीत?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला. "बाळ, टोपी काढ बघू. एकदाच."

ती हलली नाही. शेवटी बापच म्हणाला, "काढ, बाय."

तिने टोपी काढली आणि दोन्ही तळवे डोक्यावर धरले.

"हात खाली," मी म्हटलं.

पडद्याचा फोटो काढून मी गावच्या ग्रुपवर टाकला, संध्याकाळपर्यंत पैसे जमले. इंजेक्शन वेळेवर झालं, पुढे पोर बरीही झाली. पण फोटो फिरत फिरत गावच्या शाळेत पोचला. पोरं तिला तो दाखवून चिडवायची, म्हणून तिला मामाकडे शिकायला ठेवावं लागलं. "माझा फोन दिसला की मामाकडे देते," बाप एकदा म्हणाला. मला त्याने दोष दिला नाही.

पुरावा म्हणून फोटो मागितला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. कागद माझ्या हातात होते. फंडात कमी पडत होतं, ते वीसेक फोन केले असते तर जमलं असतं. फोटो बघून लोक लवकर देतात हे मला ठाऊक होतं, आणि मला फोन करायचा कंटाळा होता.

गेल्या हिवाळ्यात शर्कच्या मासळीबाजारात बापलेक भेटले. ती सुट्टीत कुवेतला आली होती, बापाच्या दोन पावलं मागे चालत होती.

"हे आपले काका," तो म्हणाला.

"माहीत आहेत," ती म्हणाली.

मी विचारलं, "कितवीला आहेस?" तिने सांगितलं, बारावी. मी मान डोलावली आणि पापलेटाचा भाव विचारायला वळलो.

म्हणायचं होतं ते एवढंच: बाय, तुझ्या बापाचा शब्द मला पुरायला हवा होता. मी चुकलो. मला माफ कर.