भूकंपात हंडा कोण धरणार

आमच्या कोरीट गावात अधूनमधून जमीन जराशी हलते. भांडी किणकिणतात, लोक ओट्यावर येऊन एकमेकांना "कळलं का?" विचारतात आणि परत जेवायला बसतात. मला मात्र पंचायतीनं भूकंपाच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि तिथून मी घराचा सेनापती होऊन परतलो.

आल्याआल्या नजर गेली ती मायच्या खाटेवर. खाटेच्या बरोब्बर वर फळी, आणि फळीवर तिच्या लग्नातला पितळी हंडा. डोक्यात पडला तर माणूस उठायचा नाही. झोपायच्या जागेवर जड वस्तू ठेवू नये, हे मी तिला गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, शेवटी भिंतीकडे बघून सांगितलं.

"हंडा आठेच शोभस," माय म्हणाली. इथंच म्हणजे इथंच.

मग खाट तरी सरकवू, म्हटलं.

"खाटबी आठेच ऱ्हाई. आठून दारमा कोन उनं ते दिखस."

माझं डोकं फिरलं. रविवारी दुपारी घरात सराव जाहीर केला. जमीन हलली की भक्कम वस्तूखाली शिरायचं, डोकं झाकायचं, आणि हलणं थांबलं की काहीही न उचलता बाहेर जायचं. आमच्याकडे टेबल नाही. भक्कम म्हणावी अशी एकच वस्तू, मायची सागवानी खाट. आणि माय तिच्यावर घोरत होती. बायकोला बघायला उभं करून मी हळूच खाटेखाली सरपटलो.

खाटेखाली वर्षाची लाल मिरची असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या भागात ती तिथंच ठेवतात. पण त्या वेळी डोक्यात नुसता भूकंप होता. कोपर पोत्यावर पडलं, धूळ उडाली आणि मी शिंकायला लागलो. प्रत्येक शिंकेला माझं डोकं वर आपटत होतं आणि खाट मायसकट हादरत होती.

"भूकंप उना रे! मन्हा हंडा!"

मला वाटलं, आता माय पळेल. कुठलं काय! ती खाटेवरच उभी राहिली आणि हंड्याला मिठी मारली. बायको हसून हसून दारातच बसली. मी डोळे चोळत बाहेर आलो, तर हंडा मायच्या कपाळाशी, फळीच्या काठावर डुगडुगत होता. मला हसू आलं नाही. खरा भूकंप आला तरी ही अशीच उभी राहणार, हे दिसलं.

"आनि मन्हं काय?" मी चिडून विचारलं.

"तुले पाय शेतस. हंडाले शेतस का?" मग जरा हळू म्हणाली, "मन्हा बापनी दियेल शे तो."

पाय नसलेल्या, बापानं दिलेल्या हंड्याचं काय करायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. शेवटी बायकोनंच तिला पटवलं, की हंडा दाराजवळ खाली ठेवला तर येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तोच दिसेल. माय लगेच तयार झाली. माझा त्यात काडीचाही वाटा नाही.

पुढं एका सकाळी जमीन खरंच हलली, नेहमीपेक्षा जरा जास्त. आम्ही डोकी झाकून खाली बसलो. थांबल्याबरोबर माय रिकाम्या हातांनी अंगणात गेली, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि बायको तिच्यामागे. मी सगळ्यांत शेवटी बाहेर आलो, हंडा पोटाशी धरून. कधी उचलला, देव जाणे.

मला बघून माय अशी कडाडली, की शेजारचे भूकंप विसरून आमच्याकडे बघू लागले.

"हंडा गया ते गया! तुले काई व्हई जातं मंग?"

दंडाला धरून तिनं मला हंड्यासकट घरापासून लांब ओढलं, आणि मग कुठं पोचा तर पडला नाही ना, म्हणून पदरानं हंडा पुसून बघू लागली.